हुकाला बांधलेली तार

माझे भाऊजी हात उचलणारे माणूस. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी म्हणायला नको की मेहुण्यानं झाकपाक केली. ते जहाजावर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आणि मी त्याच जहाजावर स्वयंपाकी. घरी ते माझ्या ताईचे नवरे, त्यामुळे सुट्टीत मी त्यांची हवी तेवढी टर उडवायचो, आणि जहाजावर चढलो की त्यांच्या हातचा मार खायचो.

पहिला मार खाल्ला तो बटाट्यांवरून. माझ्या कोठारात उकाडा असायचा, बटाट्यांना कोंब फुटायचे. मला वाटलं, वर लाइफबोट रिकामी टांगलेली आहे, सावलीत आहे, तिच्या बाकाखाली दोन पोती सरकवली तर कुणाच्या बापाचं काय जातंय? दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वयंपाकघरात आले ते खांद्यावर पोतं घेऊनच. पोतं फाडलं आणि एकेक बटाटा नेम धरून मला हाणायला लागले. मी टेबलाखाली शिरलो, तर हे वाकून तिथेही मारताहेत. "बोट आहे ती, मेहुण्या! बोट! उद्या आठ माणसं त्या बाकावर बसायची झाली तर पाय कुठे ठेवतील, तुझ्या डोक्यावर?" माझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. आणि संध्याकाळी त्याच बटाट्यांची भाजी दोनदा मागून खाल्ली त्यांनी. लाज म्हणून नाही.

मी तरी घरचा होतो, स्वस्तात सुटलो. बोटीच्या दोराला एकानं ओली पँट वाळत घातली होती, ती पँट भाऊजींनी त्याच्याच तोंडात कोंबली. बोटीत बसून विडी ओढणाऱ्याचे पुढचे दोन दात गेले. बाकी कशावरूनही त्यांचं डोकं फिरायचंच, पण बोटीवरून फिरलं की समोरच्याची धडगत नसायची.

घरी मात्र वेगळी कथा. ताई ताडपत्री शिवायची. जाड सुई, हाताला चामड्याचा पट्टा, आणि मांडीशी ही एवढी कात्री. लग्नानंतर एकदा भाऊजींनी जेवताना ताट भिरकावलं. सकाळी उठून बघतात तर सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या खांद्यापासून कापलेल्या. "पुढच्या वेळी सदऱ्यावर थांबणार नाही," ताई एवढंच म्हणाली. सगळी सुट्टी हा आडदांड माणूस बिनबाह्यांचा फिरला. ताईपुढे त्यांनी पुन्हा आवाज चढवला नाही.

आता ही बोट कशी असते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वरून बंद, भडक केशरी, पुढे-मागे छपरात एकेक झाकण, आत दोन्ही कडेला बाकं आणि प्रत्येकाला कमरेला आवळायचे पट्टे. जहाजाच्या कडेला, पाण्यापासून चार-पाच मजले उंच, ती दोन हुकांवर टांगलेली असते. एक पुढे, एक मागे. हुकांच्या वर जाड वायरचे दोर. जहाज सोडायची पाळी आली की माणसं आत बसतात, दोर सैल होत बोट खाली जाते, पाण्यावर टेकली की सुकाणूपाशी बसलेला माणूस एक दांडा ओढतो आणि दोन्ही हूक एकदम उघडतात. एकदम उघडायला हवेत, सगळी मेख तिथेच. एक उघडला आणि एक अडकला, तर बोट शेपटीला धरलेल्या उंदरासारखी लटकते. आणि वर असतानाच उघडले तर बोलायलाच नको.

भाऊजींच्या धाकट्या भावाच्या बाबतीत ते वर असतानाच उघडले. आधीच्या एका जहाजावर दोघं भाऊ एकत्र होते. बंदरात, लख्ख उन्हात, पाणी तळ्यासारखं शांत, नुसता सराव चालला होता. भाऊजी डेकवर ब्रेक धरून बोट खाली सोडत होते आणि धाकटा आत बसला होता. पुढचा हूक मागच्या सरावानंतर कुणीतरी अर्धवट बसवला होता. बंद दिसत होता, पण बंद नव्हता. तो खट्‌कन उघडला, बोट उभी झाली, तिच्या वजनानं मागचाही निसटला. बोट पाण्यावर आपटली तो आवाज भाऊजी कधी कधी प्यायले की टेबलावर तळहात मारून काढून दाखवायचे. टेबल मोडेपर्यंत मारायचे. आतली सगळी माणसं गेली. चौकशीत साहेबांनी लिहिलं, मयतानं घाबरून दांडा ओढला. भाऊजींनी त्या साहेबाचा जबडा मोडला आणि मग बरीच वर्षं त्यांना कुणी दारात उभं केलं नाही.

"आता माझ्या बोटीतून माणूस जाणार नाही," ते मला म्हणाले होते. "एकही नाही. मग कुणाचे हात मोडायला लागले तरी चालतील."

आणि त्यासाठी त्यांनी जे केलं ते काही त्यांनी एकट्यानं शोधून काढलेलं नव्हतं. खलाशी समुद्राला जेवढे घाबरत नाहीत तेवढे त्या हुकाला घाबरतात. म्हणून पुष्कळ जहाजांवर हे चालतं: हूक तारेनं बांधून टाकायचा. पक्की पिळलेली तार. मग दांडा चुकून ओढला गेला, हूक अर्धवट बसला, काहीही झालं तरी तो उघडत नाही. नियमात हे साफ मना आहे. पण सरावाच्या दिवशी बोटीत पाय ठेवताना आम्ही सगळे, अगदी इंजिनवाले साहेबसुद्धा, हळूच विचारायचो, "बोसन, तार आहे ना?" भाऊजी मान हलवायचे आणि आमच्या जिवात जीव यायचा. तपासनीस यायचा असला की तारेवर हुकाच्याच रंगाचा हात फिरवायचा. झालं. लांबून कुणाला दिसतेय?

खरी वेळ आली तर काय, ह्याचाही विचार भाऊजींनी केला होता. दोन्ही हुकांपाशी एकेक कटर दोरीनं लटकवलेला होता. बोट खाली सोडायच्या आधी तार तोडायची, मग खाली जायचं. तोंडानं सांगायला किती सोपं!

वेळ आली ती भर दुपारी. मी जेवण वाढायच्या तयारीत होतो. खाली इंजिनात काहीतरी फुटलं, आणि एवढ्या जोरात की माझी शिजलेल्या भाताची परात छताला लागून खाली आली. माझ्या दोन्ही पायांवर ऊन ऊन भात. मी बोंब मारत बाहेर पळालो तर पॅसेजमध्ये काळा धूर, आणि धुरातून इंजिनवाले येताहेत, कुणाच्या पाठीचा सदरा जळतोय. सकाळपासून समुद्र खवळलेला होता, वारा माणसाला उभं राहू देत नव्हता. आग काही आवरेना. शेवटी कप्तानानं जहाज सोडायचा हुकूम दिला. अर्धे लोक कप्तानाबरोबर पलीकडच्या बोटीत, आम्ही आठ जण अलीकडच्या बोटीत भाऊजींच्या हाताखाली.

त्या दिवशी मला त्यांच्या मारण्याचा उपयोग कळला. फिटर आपली बॅग घेऊन आला होता आणि सोडायला तयार नव्हता. भाऊजींनी बॅग समुद्रात फेकली आणि फिटरला मानगुटीला धरून बोटीत फेकला. एक जण दारातच दगड होऊन उभा, आत जाईना, बाहेर येईना. त्याच्या पाठीत अशी लाथ बसली की तो थेट बाकावर जाऊन आदळला. "पट्टे आवळा! ज्याचा पट्टा सैल त्याला मी आधी मारीन, समुद्र नंतर!" माझा पट्टा त्यांनी स्वतः ओढला. माझ्या तोंडून हाय निघाली, त्यावर एक टपली बसली.

मग त्यांनी मागच्या झाकणातून हात बाहेर काढून मागच्या हुकाची तार तोडली. पुढच्या हुकापाशी, पुढच्या झाकणाखाली ऑइलर बसला होता. इंजिनाला तेलपाणी करणारा, टक्कल पडलेला, दिवसभर भसाड्या आवाजात गाणी म्हणणारा माणूस. आम्ही त्याला टकल्याच म्हणायचो. भाऊजी ओरडले, "टकल्या, तार तोड!" टकल्यानं झाकण उघडलं, वर उठून कटर लावला. रंगानं तार हुकाला चिकटून बसली होती, त्याला दोनदा जोर लावावा लागला. "तुटली, बोसन!"

ब्रेकची एक दोरी बोटीच्या आतही आलेली असते, ती ओढून भाऊजींनी बोट खाली सोडली. जहाजाची लोखंडी भिंत खिडकीतून वर वर जात होती आणि तिच्यावर आपटत आपटत आम्ही खाली. दर आपटीला दात एकमेकांवर वाजत होते. खाली लाटेनं बोट उचलली. पाण्यावर आलो. भाऊजींनी दांडा ओढला.

दांडा अर्धा आला आणि अडकला. मागचा हूक सुटला. पुढचा सुटला नाही.

पुढच्या हुकाला दोन तारा होत्या. भावाच्या वेळी पुढचाच हूक आधी उघडला होता, म्हणून पुढच्या हुकावर भाऊजींचा काडीचा विश्वास नव्हता. एक तार बांधून त्यांचं भागलं नव्हतं. तिच्याखाली, हुकाच्या मानेशी, त्यांनी आणखी एक बांधली होती, तिच्यावरही रंग फासला होता, आणि हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि त्या गडबडीत "दोन्ही तोड" म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

लाट खालून निघून गेली. बोटीचं तोंड वर टांगलेलं, ढुंगण पाण्यात. आम्ही सगळे पट्ट्यांना लोंबकळतोय, मागच्या झाकणातून पाणी धो धो आत येतंय. पुढची लाट आली तिनं बोट उचलून जहाजावर आपटली. फिटरच्या कपाळावरून रक्ताची धार लागली. पुन्हा खाली, पुन्हा लटकलो, पुन्हा आपटलो. माझ्या शेजारच्याचा खांदा निखळला, तो जनावरासारखा ओरडत होता. दोन-चार दणके आणखी बसले असते तर बोट अंड्यासारखी फुटली असती, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

"टकल्या, खाली अजून एक आहे! खाली, मानेशी!" भाऊजींचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

टकल्यानं मागे वळून बघितलं. शिवी हासडायची ती वेळ होती, पण त्याला तेवढी सवड नव्हती. त्यानं पट्टा काढला, कमरेपर्यंत झाकणाबाहेर गेला. नुसते त्याचे पाय आम्हाला दिसत होते, बाकावर रोवलेले. लाट आली, बोट आपटली. पाय ढिले पडले.

"मेहुण्या, दांडा धर! मी ओरडलो की ओढ!" भाऊजी आमच्या मांड्यांवरून, डोक्यांवरून हातपाय मारत पुढे गेले. टकल्याला कमरेला धरून त्यांनी आत ओढला आणि फिटरच्या मांडीवर टाकला. त्याच्याकडे बघायची सोय नव्हती. बोट आणि जहाजाची भिंत ह्यांच्यामध्ये त्याचं डोकं सापडलं होतं, आणखी काही मी सांगणार नाही. भाऊजींनी स्वतः झाकणातून धड बाहेर काढलं. कटर टकल्याच्या हातून निसटून दोरीला गोल गोल फिरत होता, तो त्यांनी पकडला. एकदा आपटलो, ते बाहेरच. दुसऱ्यांदा आपटलो, तरी बाहेरच. मग त्यांची किंकाळी ऐकू आली, "ओढ!" त्यांचं धड अजून बाहेरच होतं, म्हणजे हात अजून हुकातच असणार, हे मला कळत होतं. पण मी ओढला, सगळं अंग टाकून ओढला. ओढला नसता तर आज हे सांगायला कोण असतं?

हूक उघडला. बोट धाडकन पाण्यावर पडली. सुटलेला लोखंडी ठोकळा वरून एकदा छपरावर बसला आणि मग जहाज आमच्यापासून लांब जायला लागलं. बोटीचं इंजिन मीच चालू केलं. भाऊजी आत आले तेव्हा डाव्या हाताची तीन बोटं नव्हती. ते हात छातीशी धरून टकल्यापाशी बसले.

"दोन होत्या," ते म्हणाले. "मी दोन बांधल्या होत्या."

फिटरला आधी अर्थच लागला नाही. टकल्याचा तो जिगरी दोस्त. मग लागला. त्यानं पट्टा सोडला आणि भाऊजींच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. बोट डुचमळतेय, आत गुडघाभर पाणी, मेलेला माणूस पाण्यात हलतोय आणि हा ठोशामागून ठोसे लगावतोय. नाक फुटलं, ओठ फाटला. ज्या माणसानं आयुष्यात एकही चापट फुकट खाल्ली नाही, त्यानं चांगला हातसुद्धा वर केला नाही. तोंड पुढे करून बसून राहिले. मी मध्ये पडलो. शेवटी फिटर दमला आणि त्यांच्याच गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागला.

आम्हाला एका मालवाहू जहाजानं उचललं. पुढे चौकशीच्या आदल्या दिवशी कप्तानानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, हूक गंजलेला होता असं सांगा, सगळ्यांच्याच नोकऱ्यांचा प्रश्न आहे. आम्ही माना डोलावल्या. भाऊजींनी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर दाबला. "तुम्ही साहेब लोकांनी माझ्या भावावर ढकललंत, तेव्हाही खोटं. आता माझं आहे तर तेही खोटंच लिहिणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. पहिली तार, दुसरी तार, रंग. त्यांचं समुद्रावरचं आयुष्य तिथे संपलं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

घरी आल्यावर ताईनं हाताचं बँडेज बदललं. जखम अजून ओली होती. ते म्हणाले, "टकल्याच्या बापाकडे जाऊन यायचंय."

"मार खायला?" ताईनं विचारलं.

भाऊजी चपला शोधायला लागले.

"जा. मार खायचा असला तर पोटभर खा. पण ह्याला बरोबर न्या, उचलून आणायला कुणीतरी हवं," असं म्हणून तिनं मला त्यांच्या मागे पिटाळलं. मला कोण विचारतो?

टकल्याचा बाप जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात किल्ल्या बनवायचा. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुपके, एक घासायचं यंत्र, एक स्टूल. म्हातारा स्वतः जन्मभर खलाशी होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. हात अजून दणकट, मनगटं माझ्या दुप्पट. मी मनात म्हटलं, आज भाऊजींचं काही खरं नाही.

भाऊजी उभेच राहिले. काहीही गाळलं नाही. तार मी बांधली, दुसरीही मीच बांधली, सांगायला विसरलो, तुमचा मुलगा ती तोडायला बाहेर गेला आणि गेला. "मी मारला त्याला, काका. तुम्हाला काय करायचं ते करा."

आणि खरंच डोळे मिटून उभे राहिले.

म्हाताऱ्यानं यंत्र बंद केलं. हातातली किल्ली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग विचारलं, "दुसरी तार मानेशी?"

"हो."

"आम्हीही तिथेच बांधायचो," म्हातारा म्हणाला. "आमच्या वेळेपासून आहे ते. पहिल्यांदा जहाजावर निघाला ना, तेव्हा ह्याच दुकानात त्याला सांगितलं मी. म्हटलं, बाकी काही विसरलास तरी चालेल, पण बोसनला आधी विचार, तार आहे का. नसली तर बोटीत चढू नकोस. मीच सांगितलं. ह्या तोंडानं सांगितलं."

आणि त्यानं मूठ वळून स्वतःच्या तोंडावर मारली. आधी मला कळलंच नाही काय चाललंय. दुसरी मारली, तिसरी मारली. "ह्या तोंडानं! ह्या तोंडानं!" दात ओठात घुसले, हनुवटीवरून रक्त ओघळायला लागलं. स्टूल उलटलं, किल्ल्यांचे झुपके खाली पडले. भाऊजींनी झडप घालून त्याचं एक मनगट धरलं, तर दुसऱ्या हातानं तो मारायला लागला. मग भाऊजींनी ते बँडेज बांधलेल्या हातानं धरलं. म्हाताऱ्याच्या अंगात बैलाचं बळ. बँडेज लाल झालं, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तरी ते धरून राहिले. दोघेही गुडघ्यांवर आले होते.

"मारू दे मला," म्हातारा ओरडत होता. "तुझ्या काय बापाचं जातंय? मारू दे!"

"नाही, काका. नाही मारू देणार." भाऊजी म्हणाले. मी आयुष्यात त्यांना पहिल्यांदा रडताना बघत होतो. "मेहुण्या, बघत काय बसलास? पाय धर त्यांचे!"

मी पाय धरले. आम्ही दोघांनी मिळून त्या म्हाताऱ्याला बराच वेळ तसं जमिनीवर दाबून ठेवलं.